मुदतवाढीचे पेढे

पल्लवी तांडेल. ज्यांच्यामुळे मी आज नावापुढे सीए ही दोन अक्षरं लावतो, त्यांत हे नाव सगळ्यांत वर आहे. आईवडील त्यानंतर. हे मी आईवडिलांना सांगितलेलं आहे आणि त्यांना राग आलेला नाही. पाचोऱ्याला सायकलींची पंक्चरं काढणाऱ्या माझ्या वडिलांनी आणि अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या आईने मला घाटकोपरपर्यंत पोचवलं. तिथून पुढचा रस्ता त्यांना माहीतच नव्हता. तो पल्लवीताईंनी दाखवला, आणि दाखवताना एक शब्द गोड बोलल्या नाहीत.

गणपती गेले की मुंबईच्या उपनगरांत एक विचित्र पंधरवडा येतो. मंडपाचे बांबू रस्त्याकडेला पडलेले असतात, ऊन एकदम पांढरं होतं, पितृपक्ष लागतो. सोसायट्यांच्या गच्चीवर, एसीच्या बाहेरच्या डब्यांवर कोणी पानावर भात-वडा ठेवतं आणि कावळे खूप आढेवेढे घेऊन खाली उतरतात. इतरांसाठी हा पितरांचा पंधरवडा, आमच्यासाठी ऑडिटचा. महिनाअखेर ही अहवाल सरकारकडे भरायची शेवटची तारीख, आणि नेमके याच दिवसांत व्यापारी लोक ताळेबंदावर सही करत नाहीत. कागद छापून, शिक्के मारून तयार असतात आणि मालक हात जोडून म्हणतो, "अमावास्या होऊ द्या हो. वर्षाचं काम आहे, अशुभ नको." तिकडे कावळा शिवत नाही, इकडे सही होत नाही. मध्ये आम्ही बसलेलो असतो, दोन्हींची वाट बघत.

या वर्षी याच पंधरवड्यात, जेवणाचे डबे अजून धुतलेही नव्हते, तेव्हा आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कोणीतरी ओरडलं, "आली! आली रे आली!" मुदतवाढ. शेवटची तारीख महिनाभर पुढे गेल्याची बातमी. खुर्च्या मागे सरकल्या, टाळ्या पडल्या, "झकास!" झालं, एकजण पेढे आणायला खाली पळाला. मीही हसलो. मग माझी नजर पलीकडच्या रांगेकडे गेली. तिथे स्नेहल बसते. ती आमच्याकडे आर्टिकल आहे, म्हणजे सीए होण्याआधी सीएच्या हाताखाली काही वर्षं जी उमेदवारी करावी लागते ती करते आहे. ती टाळ्या वाजवत होती आणि तिचे डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर होते. तिची परीक्षेची सुट्टी ऑक्टोबर लागताच सुरू होणार होती.

हा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता.

मी घाटकोपरच्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी गेलो तेव्हा माझ्याकडे नवा शर्ट होता, वडिलांनी पॉलिश करून दिलेले बूट होते आणि एक रिकामी बॅग होती. बॅग रिकामी होती कारण सीए लोक बॅगेत काय नेतात हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. फरसाणाच्या दुकानावरचा मजला. जिन्यात तळणाचा वास, वर ओल्या फायलींचा. कपाटांची दारं पावसाने फुगली होती, ती लाथ मारून उघडावी लागत. लाथ मारणारी एक किडकिडीत मुलगी होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"कुठला रे तू?"

"पाचोरा. जळगाव जिल्हा."

"बॅगेत काय आहे, पाचोरा?"

"काही नाही, ताई."

"बरं झालं. जाताना फायली भरून नेशील. आणि ताई-बिई नको. इथे ताई म्हटलं की लोक चहा सांगतात."

मी तरीही ताईच म्हणत राहिलो. आमच्याकडे मोठ्या मुलीला दुसरं काही म्हणता येत नाही. त्यांनीही मला कायम पाचोराच म्हटलं. माझं नाव त्यांना ठाऊक होतं याचा पुरावा मला फार उशिरा मिळाला.

या धंद्यात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, असं मला आता कॉलेजात बोलावून विचारतात. मी सभ्य उत्तरं देतो. खरं उत्तर मला पहिल्याच आठवड्यात, फुगलेल्या कपाटाला टेकलेल्या पल्लवीताईंकडून मिळालं होतं. "ऐक. पहिल्या वर्षी तुझं नाव 'ए'. दुसऱ्या वर्षी लोकांना नाव कळतं. तिसऱ्या वर्षी त्या नावाने बोलणी पडतात. मग तू पास होतोस आणि दुसऱ्या कोणाला तरी 'ए' म्हणतोस. याला करिअर म्हणतात. कळलं? आता झेरॉक्स काढून आण."

आमचे सर, देसाई सर, ताईंच्या अगदी उलट. ते आवाज चढवत नसत. सगळ्यांना बेटा म्हणत. दर गुरुवारी स्वतः केळी आणून टेबलांवर ठेवत. मी घरी फोनवर सांगितलं होतं, सर देवमाणूस आहेत, एक ताई आहे ती फार खाष्ट आहे. आई म्हणाली, "तिच्यापासून लांब राहा." आईचं ऐकलं असतं तर आज मी पाचोऱ्यातच कुठेतरी कारकून असतो.

ताईंनी मला पहिल्यांदा खरं सोललं ते मुलुंडच्या कामावरून. तिथल्या एका नटबोल्टच्या कारखान्याचं ऑडिट आमच्याकडे होतं. ऑडिटवाले आले की त्यांना खोक्यांच्या खोलीत बसवायचं, पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, चहा थंड झाल्यावर पाठवायचा, ही जगभरची रीत असावी. पण तिथले जुने अकाउंटंट, पेडणेकरकाका, माझ्याशी प्रेमाने वागले. गावाची चौकशी केली, डब्यातली घावनं दिली. मला भरून आलं. माझं त्या दिवशीचं काम साधं होतं. कारखान्याकडून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवायची: तुमच्या नावावर अमुक बाकी दिसते, बरोबर असेल तर सही करून थेट आमच्या ऑफिसात पाठवा. मी पाकिटं भरली. काका म्हणाले, "द्या इकडे, मी टाकतो पोस्टात. तुम्ही कुठे उन्हात जाता." मी दिली. चार दिवसांत सगळी उत्तरं आली, एकूण एक, सगळी "बरोबर आहे" म्हणणारी. मी ती व्यवस्थित लावून ताईंपुढे ठेवली आणि म्हणालो, "काका फार चांगले आहेत, ताई. सगळी जमवून दिली."

त्यांनी पहिलं पत्र पाहिलं, मग दुसरं, मग सगळा गठ्ठा उलटा करून टेबलावर पसरला. मालाडच्या दुकानदाराने आणि भिवंडीच्या गोदामवाल्याने एकाच जांभळ्या पेनाने सही केली होती. पिनाही एकाच जागी, तिरक्या.

"पत्रं पोस्टात कोणी टाकली?"

मी सांगितलं.

अख्खं ऑफिस ऐकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ऐकलंत का रे? पाचोऱ्याने चोराला विचारलं, तू चोरी केलीस का, आणि चोराने घावनं देऊन लिहून दिलं, नाही केली." सगळे हसले. माझे कान तापले. मग त्या खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या. "रडायचं नाही. तुमच्याकडे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतात, चांगली गोष्ट आहे. घरी गेलास की ठेव. इथे तोंडी बोललेलं म्हणजे काही नाही. आणि लिहिलेलंसुद्धा, ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच हातून आलं तर काही नाही. समोरच्याकडून यायला पाहिजे. थेट. कळलं?"

मग त्यांनी मला सगळी पत्रं पुन्हा लिहायला लावली, हाताने, आणि भर दुपारी पोस्टात पाठवलं. त्या उन्हात मी त्यांना मनात जे जे म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. पण नवी उत्तरं आली तेव्हा त्यांतली बरीच "बरोबर नाही" म्हणणारी होती. त्या दिवसानंतर आजवर मी एकही पत्र दुसऱ्याच्या हाती दिलेलं नाही.

ऑफिसात डबा शाकाहारी आणायचा असा नियम होता. लिहिलेला नव्हता, पण होता. पल्लवीताई माहुलच्या. खाडीच्या काठाला कोळ्यांची जुनी वस्ती, मागे तेलाच्या टाक्या. त्यांच्या आई चेंबूरच्या बाजारात मासळी विकायच्या. ताई डब्यात डाळभात आणत, तोही कोरडा. कामाचे कपडे त्या घरात ठेवतच नसत. शेजारणीकडे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ड्रॉवरमध्ये अत्तराची छोटी बाटली असे. तरीसुद्धा बडा क्लायंट येणार असला की सर केबिनच्या दारात येऊन, हसून, हळूच म्हणत, "पल्लवी बेटा, आज जरा आत फायलींच्या खोलीत बसतेस का? ते लोक जरा सेन्सिटिव्ह आहेत." आणि ताई लॅपटॉप उचलून आत जात. त्या क्लायंटचा अख्खा अहवाल त्यांनीच केलेला असे.

एकदा न राहवून मी म्हणालो, "ताई, मला तर कसलाच वास येत नाही."

"येतो रे. रिफायनरीचा येतो. आमच्याकडे मासळीचा वास टिकतच नाही, पेट्रोल मारून टाकतं. सरांना सांग, हा महागाचा वास आहे." आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "हस रे. नाही हसलास तर मला वाईट वाटायला लागेल, आणि मला वेळ नाहीये."

वेळ खरंच नव्हता. त्यांची उमेदवारी संपून गेली होती, आता त्या तिथेच पगारावर होत्या आणि शेवटच्या परीक्षेला बसत होत्या. आमच्या परीक्षेत एक सोय आहे. एखाद्या विषयात चांगले गुण पडले पण एकूण नापास झालात, तर पुढच्या तीन परीक्षांपुरती त्या विषयातून सुटका मिळते. तो विषय पुन्हा द्यावा लागत नाही. ताईंना दोन अवघड विषयांत अशी सुटका होती. दोन परीक्षा वाया गेल्या होत्या. येणारा नोव्हेंबर तिसरा. तो गेला की सुटका संपली, सगळे विषय पहिल्यापासून. म्हणून त्यांनी सरांकडून उन्हाळ्यातच कबूल करून घेतलं होतं: सप्टेंबरअखेर ऑडिटं पूर्ण करून देईन, ऑक्टोबर पूर्ण सुट्टी, पगारी. घर त्या पगारावर होतं. आईची टोपली होती, पण गुडघे गेले होते.

सर म्हणाले होते, "अरे बेटा, विचारतेस काय? तुझी परीक्षा म्हणजे माझी परीक्षा."

तोंडी.

त्या सप्टेंबरात आम्ही दोघं पुन्हा मुलुंडला होतो. मी एव्हाना बिलं तपासायला शिकलो होतो. बिल, नोंद, बरोबर, हिरवी खूण. बिल, नोंद, चूक, लाल. मी म्हणालो, "ताई, तुमच्या वाटणीची बिलं मी करतो. तुम्ही वाचा."

"तुला उपकार फेडायची घाई झालीय का रे?"

"हो."

त्यांना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांनी खोक्यांच्या मागे पुस्तक उघडलं. मी दोन माणसांच्या खुणा करत होतो आणि मध्येच खोक्यांमागून आवाज येई, "लाल! ते लाल कर! त्या बिलावर गाडीचा नंबर बघ, तो स्कूटरचा आहे. स्कूटरवरून लोखंड येतं का?" पुस्तकात डोळे असताना त्यांना माझी चूक कशी दिसायची, मला आजही कळलेलं नाही. तुझी चूक मला ऐकू येते, असं त्या म्हणायच्या. खूण करण्याआधी थांबलो की बरोबर, न थांबता केली की चूक.

माझं सगळं शिक्षण त्या खोलीत झालं. खोक्यांना तेलाचा वास, भिंतीकडे तोंड केलेला पंखा, आणि एक चिडका आवाज. त्या दिवसांत मी सुखी होतो असं आज वाटतं.

मग मुदतवाढ आली.

मी ऑफिसात होतो, ताईही. दुपारची वेळ. सरांनी केबिनमधून बाहेर येऊन दोन्ही हात वर केले, जसे लोक क्रिकेटमध्ये षटकाराला करतात. सगळे ओरडले. कोणी कोणाला मिठ्या मारल्या. पेढे आले. पितृपक्षात पेढे वाटणारं ते पहिलंच ऑफिस मी पाहिलं. मी माझा पेढा घेऊन ताईंकडे गेलो, आनंदाने, कारण मी नवा होतो आणि मला वाटलं होतं की वेळ वाढला म्हणजे सगळ्यांचा वाढला. त्या टाळ्या वाजवत होत्या. डोळे कॅलेंडरवर होते.

"पाचोरा," त्या म्हणाल्या, "सरकार वेळ कुठून आणतं रे?"

मला कळलं नाही.

"कारखाना आहे का सरकारचा वेळेचा? नाही ना? मग कोणाच्या तरी खिशातून काढून देत असणार."

त्या केबिनमध्ये गेल्या. मी दाराबाहेर झेरॉक्सच्या मशीनपाशी उभा होतो. दार अर्धं उघडं.

"सर, मी ठरल्याप्रमाणे एक तारखेपासून..."

"ये, बस ना बेटा. पेढा घेतलास? हे बघ, आता सगळ्या क्लायंटना महिना मिळाला. ते आता सही करणार का? दिवाळीपर्यंत ताणणार. मी एकटा काय करू?"

"माझ्या फायली तयार आहेत, सर. फक्त सह्या बाकी आहेत."

"तुझ्या आहेत. बाकीच्यांच्या? तुझ्याइतकं चांगलं काम कोणाचं आहे सांग. तुझ्या चांगुलपणाचीच शिक्षा आहे ही, बेटा." ते हसले. "मी कोणाला धरून ठेवत नाही. दार उघडं आहे. सुट्टी घे, खुशाल घे. फक्त परत येशील तेव्हा जागा असेलच, असं मी तोंडावर खोटं बोलू शकत नाही. मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे."

मग ताईंचा आवाज आला, नेहमीसारखा कोरडा. "ठीक आहे, सर."

"गुड गर्ल. आणि पेढा खा."

त्या बाहेर आल्या तेव्हा पेढा हातात होता. तो त्यांनी खिडकीत ठेवला. एसीच्या डब्यावर कावळा बसला होता. तो लगेच उतरला.

ऑक्टोबरात मी पुन्हा बिलं वाटून घेतली. काही दिवस चाललं. मग एका सकाळी सर सगळ्यांसमोर, केळी ठेवता ठेवता म्हणाले, "काय रे, मुलुंडला दोघंच असता म्हणे, खोक्यांच्या मागे? पेडणेकर सांगत होते." आणि डोळा मारला. कोणी हसलं, कोणी खाली पाहिलं. मी काही बोलणार तोच ताईंनी टेबलाखालून माझ्या बुटावर पाय दिला, जोरात. दुसऱ्या दिवसापासून त्यांना मालाडला एका कपड्याच्या दुकानावर पाठवलं आणि मला मुलुंडलाच ठेवलं. मालाडच्या मालकाला दुकानाच्या माळ्यावर रोज हजर असणारा माणूस हवा होता. ताई तिथे कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून, गिऱ्हाइकांच्या आवाजात, वाचायचा प्रयत्न करत होत्या. सह्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणल्या गेल्या, सर म्हणाले होते तशाच. मग दिवाळी आली की काय, मला आठवत नाही. परीक्षा आली.

निकालाच्या सकाळी त्या ऑफिसात आल्याच नाहीत. एका विषयात गेल्या होत्या. ज्यांत सुटका होती ते दोन नव्हेत, वेगळाच, सोपा समजला जाणारा, जो वाचायचा राहून गेला होता. सुटका संपली. सगळं पहिल्यापासून. सरांनी त्यांना फोन केला, मी समोर होतो. फार हळव्या आवाजात ते म्हणाले, "बेटा, तू अजून थोडा वेळ काढून वाचायला हवं होतंस."

माझ्या पाहण्यात आलेल्या वाक्यांत इतकं निष्ठुर दुसरं नाही. आणि मला खात्री आहे, ते म्हणताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

ताईंनी पुन्हा परीक्षा दिली नाही. चेंबूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेबाला लागल्या. मी उमेदवारी पूर्ण केली, दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा पास झालो. पेढे घेऊन आधी पाचोऱ्याला गेलो, मग माहुलला.

घर खाडीकडे तोंड करून होतं. जाळी वाळत होती. ताईंच्या आई दारातच बसल्या होत्या. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "जेवल्याबिगर जावाचा नाय हां." आणि माझ्या ताटात तळलेले बोंबील पडले. ताई कामावरून आल्या, पिशवी खुंटीला लावली, मला पाहिलं.

"आलास? पास झालास म्हणे, अनिल."

तेव्हा कळलं की त्यांना माझं नाव माहीत होतं. मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला आणि पाठ करून आणलेलं बोलायला लागलो, की तुमच्यामुळे, तुम्ही नसता तर. त्यांनी हात वर केला.

"थांब. आभार मानतोयस?"

"हो, ताई."

"तोंडी?"

त्यांच्या आई हसल्या. ताई हसल्या नाहीत. "हे बघ, आभारांचं मी काय करू? लोणचं घालू? तुझ्या हाताखाली आता पोरं येतील. मुदतवाढ येणार, दर वर्षी येते. ज्या वर्षी ती येईल आणि तू कोणाची सुट्टी खाणार नाहीस, त्या वर्षी मला पत्र लिही. कागदावर, सही करून. व्हॉट्सॲपवर नको, तिथे लोक फुलं पाठवतात. तोपर्यंत तुझे आभार मला मिळाले नाहीत."

"लिहीन."

"आणि नुसतं तुझं पत्र मी मानणार नाही. ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे, ताई."

"मग खा. बोंबील गार झाला."

मध्ये काही सप्टेंबर गेले. कधी मुदतवाढ आली नाही, कधी आली तेव्हा माझ्या हाताखाली परीक्षेला बसणारं कोणी नव्हतं. आता परीक्षा वर्षातून तीनदा होतात, महिने बदलले, पोर्टल बदललं, हिरव्या-लाल खुणा पडद्यावर आल्या. मी अंधेरीच्या या मोठ्या ऑफिसात मॅनेजर झालो. आणि या वर्षी टाळ्यांच्या आवाजात स्नेहलचा चेहरा दिसला.

मी तिला बोलावलं. ती येतानाच म्हणाली, "सर, मी किती दिवस थांबू?"

सुट्टी मिळेल का, असं नाही. थांबू किती. तिला कोणी न सांगताच कळलं होतं. आमचा धंदा माणसाला हे फार लवकर शिकवतो.

आमच्या फर्मच्या भागीदार केळकर मॅडम सज्जन आहेत. त्या पेढे देत नाहीत, बेटा म्हणत नाहीत. त्यांनी चष्मा काढून सरळ विचारलं, "तिला सोडतोस, ठीक. तिच्या फायली कोण करणार?"

"मी."

"तुझ्या स्वतःच्याच पडल्यात. आणि मी नवा माणूस देणार नाही. अनिल, सगळे असेच शिकलो ना आपण?"

"म्हणूनच म्हणतोय, मॅडम."

"मग तूच जुळव. मला अहवाल तारखेला पाहिजेत. आणि तुझ्या बढतीचं जे बोलणं चाललंय, ते तोवर बाजूला ठेवू. राग मानू नकोस."

मी राग मानला नाही. जागेवर येऊन सगळ्या फायली पुढे घेतल्या, उलटसुलट लावून पाहिल्या. अर्ध्या माझ्याकडे बसल्या. अर्ध्या कुठेच बसत नव्हत्या. मग यशला बोलावलं. यश कणकवलीचा, या उन्हाळ्यात आलेला, पहिलं वर्ष. त्याला नवरात्रात आणि दिवाळीला घरी जायचं होतं, मी हो म्हटलं होतं. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो उभ्या उभ्या ऐकत राहिला, मग म्हणाला, "चालात, सर. काय नाय." आणि फायली उचलून आपल्या रिकाम्या बॅगेत भरायला लागला.

त्याच दुपारी मी कागद घेतला. पत्र लिहिलं, स्वतः पोस्टात जाऊन टाकलं. ते असं:

पल्लवीताईस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही माहुललाच आहात हे धरून लिहितो आहे. आईंच्या गुडघ्यांना बरं असेल अशी आशा.

या वर्षी मुदतवाढ आली. आमच्याकडे स्नेहल नावाची मुलगी शेवटच्या परीक्षेला बसते आहे. तिची सुट्टी ठरली होती तशी, ठरल्या दिवसापासून, मी दिली आहे. उद्यापासून ती येणार नाही. पेढे आले होते, मी खाल्ला नाही. खिडकीत ठेवावा म्हटलं तर आमच्या खिडक्या उघडत नाहीत.

म्हणून आता तुमचे आभार मानतो. मुलुंडच्या खोलीत जे शिकलो त्यावर माझं घर चालतं. वडिलांनी दुकान बंद केलं आहे, आई अंगणवाडीत जात नाही. हे सगळं त्या खोलीतून आलं. त्या ऑक्टोबरात तुमच्या खिशातून जे काढून घेतलं गेलं त्यातलं काही मला परत करता येत नाही, हेही मला माहीत आहे.

एक गोष्ट लपवली तर हे पत्र जांभळ्या पेनाचं होईल. स्नेहलचा वेळ मी निर्माण केलेला नाही. थोडा माझा दिला. तो पुरला नाही, म्हणून उरलेला यशकडून घेतला. तो पहिल्या वर्षाचा आहे, कणकवलीचा. तो नवरात्रात घरी जाणार नाही, दिवाळीतही बहुतेक नाही. मी त्याला विचारलं आणि तो "चालात" म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो, म्हणून त्या होकाराची किंमत मला माहीत आहे.

माझं एकट्याचं पत्र तुम्ही मानणार नाही. तुमचा पत्ता दोघांनाही दिला आहे. काय लिहायचं ते सांगितलेलं नाही, पाकिटं त्यांची त्यांनी टाकायची आहेत, माझ्या हातात येणार नाहीत. थेट तुमच्याकडे येतील.

यशचं आधी उघडा.

तुमचा,
अनिल (पाचोरा)